टेकेवाले काकाजी

वैनगंगा ही एकंदरीत दक्षिणेला निघालेली नदी. पण चामोर्शी तालुक्यात मार्कंड्यापाशी आली की ती वळण घेते आणि काही अंतर चक्क उत्तरेकडे वाहते. नदी उत्तरवाहिनी, म्हणून क्षेत्र पवित्र. क्षेत्र पवित्र, म्हणून काठावर मार्कंडादेवाची दगडी देवळं. देवळं आहेत, म्हणून महाशिवरात्रीला गडचिरोली-चंद्रपुरातून लोटणारी जत्रा. इथवर सगळा क्रम कोणालाही पटेल. मला पटत नाही ते एवढंच, की ज्या पाण्याला आपला रस्ता सोडून उलट जाण्यात पुण्य लागतं, ते पाणी पिऊन वाढलेल्या माणसानं सरळ रस्त्यानं कामाला लागावं, ही अपेक्षा लोक काकाजींकडून का करतात?

काकाजींचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. हा माणूस थोडाथोडा सगळ्याच गावांत वाटलेला असतो. आमच्या वाट्याला आलेले काकाजी कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा सत्काराच्या नारळावरची शेंडीही निघाली नव्हती आणि त्यांनी जाहीर केलं, ‘जनमभर लोखंड घासलं. आता लाकडाचं काम करीन.’ लाकडाचं म्हणजे खराद. दोन लोखंडी चॅनल समोरासमोर ठेवून बेड केला, बंद पडलेल्या मिरची कांडपाची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली, पट्टा चढवला, आणि गायीच्या रिकाम्या कोठ्यात लेथ उभा राहिला. उद्घाटनाला काकूंनी हळदकुंकू वाहिलं. काकाजींनी त्यांना तिथल्या तिथे वचन दिलं की या मशीनवरची पहिली वस्तू म्हणजे तुमचं लाटणं. दुसरी ताकाची रई. मग नातवाला भोवरा, आणि सवडीनं देव्हाऱ्याचे खांब.

त्यानंतर पुष्कळ पोळे आले आणि गेले. काकूंचं लाटणं अजून यायचं आहे.

मशीन बिघडलं म्हणाल, तर नाही. सुरू केलं की असं गोड गुणगुणतं की नव्या माणसाला वाटावं, आत काहीतरी मोठं घडतंय. अडलंय ते टेक्यावर. खरादावर लाकूड गरगर फिरतं आणि माणूस पटाशी हातात धरून ते सोलतो. ही पटाशी अधांतरी धरता येत नाही. लाकडाच्या अगदी लगत लोखंडाची एक आडवी पट्टी असते, तिच्यावर टेकवून धरायची. ही पट्टी एका गोल दांड्यावर जोडलेली असते, दांडा खालच्या बैठकीच्या भोकात बसतो, वरखाली करून बोल्टनं आवळता येतो. शहरातले लोक याला टूल रेस्ट म्हणतात, काकाजी टेका म्हणतात. मशीनमध्ये फिरत नाही, कापत नाही आणि लाकडाला शिवतही नाही असा हा भाग आहे. काकाजींनी नेमका तोच हेरला.

त्यांच्या कोठ्यात शिरलं की डाव्या भिंतीवर टेके लटकलेले दिसतात. अँगलचे टेके, पट्टीचे टेके, गोल सळईचे टेके. वीतभर लांबीचे, हातभर लांबीचे, आणि एक जवळजवळ दाराइतका लांब, त्याला दोन पाय. ‘लांब टेक्याले एकच पाय देला तं कडेले थरथर होते जी,’ ते मला समजावतात. मी चामोर्शीला शाळेत शिकवतो, म्हणून मला गुरुजी म्हणतात आणि त्या भांडवलावर कितीही वेळ उभं ठेवतात. तो लांब टेका पलंगाच्या पायांसाठी आहे. पलंग कोणाचा, हे ठरलेलं नाही.

उजव्या भिंतीला एक खिडकी आहे. खिडकीखाली जिथे लाकडाचा भुसा साचायला हवा तिथे लोखंडाचा कीस साचलेला असतो. काकू तो लोहचुंबकानं गोळा करतात, कारण कोंबड्या तिकडे फिरकतात.

पण काकाजी आळशी आहेत असं कोणी म्हणू नये. आळशी माणसाची लक्षणं निराळी. काकाजी सकाळी सात वाजता कोठ्यात असतात, जेवायला बोलावलं तर ‘आलोच’ म्हणून अर्ध्या तासानं येतात, हाताला भाजल्याच्या खुणा आहेत, आणि संध्याकाळी पाठ धरलेली असते. शिवाय ते जे बोलतात ते चूक नसतं. हीच खरी पंचाईत. चूक असतं तर लोकांनी कधीच सोडून दिलं असतं.

‘गुरुजी, पटाशी म्हंजे पहार हाय. तरफ. तुमीच तं शाळेत शिकवता.’ हे त्यांचं पहिलं प्रवचन. टेका लाकडाच्या जवळ, एखादा इंच सोडून असला आणि हाताची मूठ टेक्यामागे सोळा इंचांवर असली, तर लाकडानं पटाशीला दिलेला धक्का हाताला सोळावा हिस्सा जाणवतो. तोच टेका आळसानं चार इंच लांब ठेवला की मागे उरतात तेरा इंच, आणि हाताला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धक्का बसतो. ‘मंग पटाशी आत घुसते, लाकूड उडते आन् डोरा जाते.’ म्हणून लाकूड जसजसं बारीक होत जाईल तसतसा टेका पुढे सरकवत राहायचं, आणि सरकवायच्या आधी मशीन बंद करायचं. उंचीचंही शास्त्र आहे. पटाशीची धार लाकडाच्या मध्यरेषेवर यायला हवी. पटाशी जाड, म्हणून टेका त्याहून जरा खाली. किती खाली, हे पटाशीच्या जाडीवर. आणि पटाश्या तर काकाजींकडे सहा जाडीच्या. म्हणजे टेके किती झाले? मी हिशेब सुरू करायच्या आत ते म्हणतात, ‘आता डावखुऱ्याचा विचारच नाही केला आपन.’

घरात डावखुरं कोणी नाही.

नवा टेका जन्माला येतोय हे गल्लीत सर्वांच्या आधी टीव्हीला कळतं. काकाजींनी वेल्डिंग मशीन सुरू केलं की आळीतले बल्ब मिणमिणतात, पंख्यांचा वेग पडतो आणि मालिकेतल्या सुनेचा चेहरा आडवा ताणला जातो. शेजारच्या घरातून हाक येते, ‘काकाजी, कोनता हाय?’ इकडून उत्तर जातं, ‘वाकडा!’ मग तिकडचे लोक उठून पाण्याची मोटर बंद करतात, कारण वाकड्याला वेळ लागतो हे त्यांनाही आता ठाऊक झालंय. एका गल्लीनं एका कारागिराचं तंत्र इतकं जवळून जाणावं, हे भाग्य मोठमोठ्या कलावंतांच्याही वाट्याला येत नाही.

या वाकड्याची हकिगत सांगायलाच हवी. आमचा सगळा भाग झाडीपट्टीतला. दिवाळी झाली की होळीपर्यंत इथे रात्रभर नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, मंडई भरते, बाहेरगावी दिलेल्या लेकी माहेरी येतात आणि पहाटेपर्यंत मंडपात बसून रडतात. कंपनीचं नाटक परवडत नाही तिथली पोरं स्वतःच उभी राहतात. तशीच गावातल्या पोरांनी एकदा भीमाचं नाटक घ्यायचं ठरवलं आणि गदेसाठी काकाजींकडे आली. काकाजींचे डोळे भरून आले. गदा म्हणजे खरादाचंच काम. वर गोल गड्डा, त्यावर कड्या, खाली निमुळता दांडा. ‘महिना हाय ना नाटकाले? मंग होते,’ ते म्हणाले. पोरं खूश होऊन गेली. काकाजींनी दुसऱ्या दिवशी गड्ड्याच्या लाकडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘हे गोल हाय.’

गोल वस्तूला सरळ टेका चालत नाही, हे खरं आहे. मधोमध टेका लाकडाला भिडतो आणि दोन्ही कडांना अंतर पडतं. अंतर पडलं की वर सांगितलेली तरफ. म्हणून विळ्याच्या पात्यासारखा वाकलेला टेका हवा. तो कसा करतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि सांगतो, ते काम बघत राहावं असंच होतं.

जुन्या मोटरसायकलच्या शॉकअपचा दांडा त्यांनी कुठून तरी मिळवला होता. साधी सळई का नाही, तर ती मऊ. पटाशीचं पोलाद तिच्याहून कडक असल्यामुळे पटाशीचा कोपरा टेक्यावर बारीक खाच पाडतो, पुढच्या खेपेला पटाशी सरकताना त्या खाचेत अडखळते, आणि टेक्यावरची खाच लाकडावर लाट होऊन उमटते. शॉकअपचा दांडा वरून कडक असतो. पण तो कडक म्हणून थंडा वाकत नाही, आणि तापवून वाकवला तर कडकपणा जातो. या पेचावर काकाजी तीन दिवस ओसरीवर बसून होते. शेवटी शॉकअपचा दांडा बाजूला ठेवून त्यांनी साधीच जाड सळई भट्टीत लाल केली, पाणी उपसायच्या पंपाची जुनी पुली व्हाइसमध्ये पकडली आणि तिच्याभोवती ती सळई वळवली. घाई नाही, हिसका नाही. हातोडीचे ठोकेही जणू विचारून मारलेले. लाल रंग उतरत काळा पडायला लागला की पुन्हा भट्टीत. खपली झडून पडत होती तिचा बारीक कडकड आवाज येत होता. वळण जमिनीवर खडूनं आधीच काढून ठेवलं होतं. सळई त्यावर ठेवून बघितली, तर एका टोकाला सुतभर उजेड दिसला. दुसऱ्या कोणी तो पाहिला नसता. काकाजींनी सळई परत भट्टीत घातली.

मग पाय जोडणं. वेल्डिंग एकाच बाजूनं सलग मारलं की लोखंड थंड होताना त्या बाजूला ओढलं जातं आणि टेका लंगडतो. म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये विडी... नाही, विडी काकूंनी सोडवली आहे, मध्ये खर्रा. मग पुन्हा टाका. नंतर कानस. आधी जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर, पॉलिश पेपरचेही उतरते नंबर, आणि सरतेशेवटी मेणबत्तीचं मेण चोळून जुन्या धोतराचं फडकं. झाल्यावर ते डोळे मिटतात आणि टेक्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. नख कुठे जराही अडलं की डोळे उघडून कानस घेतात. मीही नख फिरवून पाहिलं. पाण्यावरून फिरवावं तसं... पण उपमा कशाला, मला काही लागलं नाही. त्यांना लागलं.

नाटकाच्या दिवशी टेका तयार होता. गदा नव्हती. पोरांनी एक वाळका दुधी भोपळा बांबूच्या काठीला खोचून त्यावर चांदीचा रंग मारला, आणि तिसऱ्या अंकात तो दुःशासनाच्या पाठीवर फुटून त्यातल्या बिया पहिल्या रांगेपर्यंत उडाल्या. टाळ्या सर्वांत जास्त त्या प्रवेशाला पडल्या. काकाजी मागच्या रांगेत बसले होते. ‘लाकडाची असती तं पोराची पाठ मोडली असती,’ ते मला म्हणाले, आणि त्यात समाधान होतं.

लाकडाचा विषय काढला की काकाजी गंभीर होतात. आमच्या जिल्ह्यांनी देशाला सागवान पुरवावं हा रिवाजच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपुराहून सागवान वाजतगाजत रवाना झालं, तेव्हा काकाजी शोभायात्रेला मुद्दाम गेले होते. आलापल्लीच्या सागाबद्दल ते असं बोलतात की घरचा वडीलधारा माणूस वाटावा. पण खरादाला सागच कशाला, असंही तेच सांगतात. हळदू उत्तम, पिवळाधमक, एकसारख्या कणीचा, पटाशीखाली चिरफळत नाही. शिवण हलकी आणि गुणी. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला, कारण तो चिवट. बीजा, तिवस, तेंदूचं काळं पोट, प्रत्येकाबद्दल एक-एक कथा आहे. यातलं एकही लाकूड कोठ्यात नाही. जंगलातलं लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा परवाना लागतो, त्यावर हातोड्याचा शिक्का लागतो, हे काकाजी कायद्याच्या पुस्तकाइतकं चोख सांगतात. आणि परवाना लागत नाही अशी आंब्याची फांदी अंगणात पडलेली दाखवली, तर म्हणतात, ‘वली हाय.’ पुढच्या वर्षी ती वाळते. तोवर काकूंनी ती चुलीत घातलेली असते. काकूंचंही चुकत नाही. चुलीला टेका लागत नाही.

लोखंडाला मात्र तोटा नाही. सुरजागडच्या डोंगरातून निघालेले खनिजाचे ट्रक, कोनसरीला उभा राहिलेला लोहप्रकल्प, भंगारवाल्यांच्या वाढत्या गाड्या, या सगळ्याकडे लोक रोजगार, रस्ता आणि धूळ या दृष्टीनं बघतात. काकाजी कच्चा माल म्हणून बघतात.

त्यांच्याकडे इतिहासही आहे, आणि तोही त्यांच्या सोयीचा. खाणीतल्या कुठल्या तरी इंजिनिअरनं त्यांना एकदा इंग्लंडच्या हेन्री मॉडस्लेची गोष्ट सांगितली होती. सन 1800 च्या आसपास या मॉडस्लेनं लेथवर हत्यार हातात न धरता स्क्रूवर सरकणाऱ्या टेक्यात घट्ट पकडलं, आणि त्यामुळे एकसारखे आटे, एकसारखे भाग पाडणं सोपं झालं. आजची सगळी यंत्रं त्या टेक्याची लेकरं आहेत. काकाजी गोष्ट इथे थांबवतात. ‘म्हंजे दुनिया कायच्यावर उभी हाय? टेक्यावर!’ त्याच मॉडस्लेनं पुढे पोर्टस्मथच्या गोदीसाठी यंत्रं बनवली आणि 1808 च्या सुमारास दहा माणसांच्या हातून जहाजाच्या लाखावर लाकडी कप्प्या वर्षाला निघू लागल्या, हा गोष्टीचा उरलेला भाग मी त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. ‘ते मंगचं हाय जी,’ म्हणाले.

देवळात नेलं तरी तेच. मार्कंड्याच्या देवळांना विदर्भाचं खजुराहो म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅमसारखा पुरातत्त्वज्ञ एकोणिसाव्या शतकात इथे येऊन ती बघून, लिहून गेला. पाहुणे अप्सरा बघतात, भाविक पिंड बघतात, काकाजी खांब बघतात. खांबावरच्या गोल कड्यांवर बोट ठेवून ते पाहुण्यांना विचारतात, ‘ह्या दगडाले टेका कोनता लावला असन?’ आता, दगड खरादून केलेले खांब खरोखर आहेत, पण ते कर्नाटकात, बेलूर-हळेबीडला. तिथला दगड मऊ, आणि तिथले गुळगुळीत गोल खांब फिरवून घडवले असावेत असं अभ्यासक म्हणतात. मार्कंड्याचे खांब छिन्नीचे. हे मी सांगितल्यावर काकाजी थोडा वेळ गप्प बसले आणि मग देवळाच्या आतल्या बाजूला घेऊन गेले. फार पूर्वी वीज पडून शिखराचं नुकसान झालं आणि गोंड राजाच्या काळात डागडुजी झाली, असं इथे सगळेच सांगतात. डागडुजीचे ओबडधोबड आधार बघून काकाजी म्हणाले, ‘दगडालेही शेवटी टेकाच.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. स्पर्धा परीक्षेचं वेळापत्रक पाच रंगांत आखणारा, नव्या मोबाइलला साजेसं कव्हर मिळेपर्यंत तो खोक्यातून न काढणारा, बागेसाठी आधी कुंपण, कुंपणासाठी आधी मोजणी आणि मोजणीसाठी तलाठ्याची वाट बघणारा. पण त्यांच्यात आणि काकाजींत एक फरक आहे. त्यांना आत कुठेतरी आपलं मुख्य काम राहिल्याची टोचणी असते. काकाजींना मुख्य काम हेच वाटतं. म्हणून त्यांना झोप छान लागते.

गेल्या पोळ्याला मात्र प्रकरण घरातच पेटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. या दिवशी लहान मुलं लाकडाचे नंदीबैल सजवून, चाकांवर ओढत नेतात, घरोघरी बोजाऱ्याचे पैसे मागतात. काकाजींचा नातू नागपूरहून आला होता. त्याच्या नंदीची चारही चाकं मोडली होती. आजोबांकडे लाकडाची चाकं बनवायचं मशीन आहे, हे त्यानं नागपुरात सगळ्या मित्रांना सांगून ठेवलं होतं. पोर आठ वर्षांचं. त्याला टेक्याचं शास्त्र काय समजावणार? काकाजींनी तरी प्रयत्न केला. ‘चाक लहान हाय बेटा. त्याले बोटाएवढा टेका लागन.’

‘मग बनवा ना.’

‘बनवतो ना. दिवाळीले येशील तं...’

इथे काकू आतून बाहेर आल्या. हातात पुरणाचं पातेलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. काकाजींनी चपला घातल्या, पिशवी उचलली, मला म्हणाले, ‘चला गुरुजी, चामोर्शीले.’

चामोर्शीला एक म्हातारे खरादी आहेत. वाढई काम करणाऱ्या घरातले, पण हात खरादावर. पूर्वी जमिनीवर बसून काम करायचे. पोरगा दोरी ओढायचा, लाकूड उलटसुलट फिरायचं, आणि समोरच्या लोखंडी कांबेवर पटाशी टेकवून तिला हातानं आणि पायाच्या अंगठ्यानं सांभाळायचे. आता मोटर आहे, बसायला स्टूल आहे. टेका तोच, कुठल्याशा जुन्या गाडीच्या कमानीचा पाटा. काकाजींनी तो पाटा पाहिला आणि माझा दंड धरला. पाट्यावर खाचा होत्या. गंज होता. एका बाजूला कोणीतरी विडी विझवलेली होती. तो लाकडापासून चांगला दोन बोटं लांब होता.

खरादी म्हणाले, ‘चार चाकं ना? बसा. चहा येते.’

‘थांबा जी,’ काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी पिशवीतून एक टेका काढला. पिशवीत टेका का होता, हे मी विचारलं नाही. डॉक्टरच्या पिशवीत स्टेथोस्कोप का, असं कोणी विचारत नाही. पाय भोकात थोडा सैल होता, तर दुसऱ्या खिशातून पत्र्याची पट्टी निघाली. पाटा उतरला, टेका बसला, उंची लागली. खरादींनी शिवणीचा एक तुकडा दोन टोकांमध्ये पकडला, मोटर लावली आणि पटाशी टेकवली.

पहिल्या फेरीला त्यांनी पटाशी उचलून घेतली आणि टेक्याकडे पाहिलं. मग पुन्हा लावली. पटाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता गेली, आणि लाकडाची लांबच लांब पापडी निघून त्यांच्या मनगटावर गुंडाळली. त्यांनी काही न बोलता परत तीच फेरी मारली. गरज नव्हती; लाकूड गोल झालं होतं. नुसती सरकते कशी ते बघायला मारली. दांडा तयार झाला, त्याला दोन-दोन रेघा पडल्या, पटाशीच्या टोकानं चार चकत्या सुटल्या, मध्ये गिरमिटानं भोकं पडली. चहा अजून आला नव्हता.

नातू असता तर चाकांकडे बघितलं असतं. मी चाकांकडे बघितलं. काकाजी टेक्यावर वाकून, काही खरचटलंय का ते बघत होते. कितीतरी वर्षांत त्यांच्या टेक्यावर लाकडाचं हे पहिलं काम झालं होतं, आणि ते लाकूड कुठलं हेही त्यांनी विचारलं नाही.

चहा पिऊन झाल्यावर ते टेका सोडवायला गेले. खरादींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ‘राहू द्या जी.’

‘माझा हाय.’

‘तुमच्या घरी कायले लागते?’

याचं उत्तर काकाजींकडे असायला हवं होतं. सहा पटाश्यांचा, डावखुऱ्याचा, मध्यरेषेचा सगळा हिशेब त्यांच्याकडे होता. पण ते मशीनकडे, मग खरादींच्या हाताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मेण लावत जा.’ खरादींनी चाकांचे पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी नंदी मिरवला. नातवाला बोजाऱ्याचे पैसे मिळाले, आणि चाकं आजोबांनी केली असंच तो सांगत फिरला. कोणी दुरुस्त केलं नाही. काकूंनी पुरणपोळ्या लाटल्या होत्या त्या नेहमीच्याच लाटण्यानं असतील असं मला वाटलं. पण आत पाणी मागायला गेलो तर पोळपाटावर एक चकचकीत सळईचा तुकडा होता. पाय न जोडलेला टेका. नख कुठेही अडत नाही असा. काकू म्हणाल्या, ‘याच्यावर पोळी चिटकत नाही गुरुजी. पन त्यांना सांगू नोका.’ ते मागेच उभे होते. त्यांनी तो उचलला, कणीक पुसली, उजेडात धरून लांबी पाहिली आणि म्हणाले, ‘दोन सूत कमी हाय.’

आता खरादींचा निरोप आला आहे. त्यांच्या भाच्याची आष्टीला खरादाची गिरणी आहे, त्याला तसाच एक टेका हवा. पैसे देऊन. आणखी दोघांनी विचारलंय. मला वाटलं, आता काकाजींचं नशीब उघडलं. इतक्या वर्षांची भिंत एका हप्त्यात रिकामी होईल. मी आनंदानं कोठ्यात गेलो तर भिंतीवरचा एकही टेका हललेला नव्हता. काकाजी जमिनीवर बसून खडूनं काहीतरी आखत होते.

‘इतके पडलेत, त्यातलाच एक द्या ना,’ मी म्हणालो.

‘हे आपल्या मशीनच्या उंचीचे हाय जी. गिऱ्हाइकाचं काम हाय, सगळे एकसारखे पाहिजे. त्याच्यासाठी फर्मा लागते. पह्यले फर्मा बनवू.’ त्यांनी खडू कानावर ठेवला. ‘आन् फर्मा बनवाचा तं ड्रिल सरळ उभं राहाले स्टँड पाहिजे. ते स्टँड आपल्याजवर नाही.’

शेजारच्या घरातून हाक आली, ‘काकाजी, आज कोनता?’

‘स्टँड!’

तिकडे थोडा वेळ शांतता होती. स्टँडला किती वेळ लागतो, हे गल्लीला अजून माहीत नाही.